सोमारे की तुइलाएपा?

पॅसिफिकमधल्या प्रदीर्घ कारकिर्दीवर निबंध लिहायचाय आणि माणूस एकच घ्यायचाय, तर गाडी या दोघांपाशी अडते.

पापुआ न्यू गिनीचे मायकेल सोमारे १९६८ ते २०१७ संसदेत होते. पंतप्रधानपद मात्र तुकड्यातुकड्यांत. आघाडीची मोट सुटली की खुर्ची गेली: १९८० आणि १९८५, दोन्ही वेळा अविश्वास ठराव. सामोआचे तुइलाएपा १९९८ ते २०२१ सलग पंतप्रधान, पाठीशी एकाच पक्षाचं बहुमत. म्हणूनच २००९ मध्ये देशाची वाहनं उजवीकडून डावीकडे आणणं आणि २०११ मध्ये कॅलेंडरमधून ३० डिसेंबर हा दिवसच गाळणं त्यांना जमलं.

शेवट दोघांचाही कोर्टात. सोमारे सिंगापूरला उपचार घेत असताना संसदेनं पद रिकामं ठरवलं. सुप्रीम कोर्टानं ते चूक ठरवलं, तरी सत्ता परतली नाही. सामोआत २०२१ च्या निवडणुकीनंतर भांडण अपूर्णांकाचं! संसदेत किमान दहा टक्के महिला हव्यात, असा नियम. ५१ जागांचे दहा टक्के ५.१, मग महिला पाच की सहा? सहावी नेमून तुइलाएपांचा पक्ष आणि विरोधक यांची २६-२६ बरोबरी साधली, ती कोर्टानं मोडली. संसदेला कुलूप, म्हणून विरोधी नेत्या फियामे यांचा पंतप्रधानपदाचा शपथविधी बाहेर तंबूत.

आघाड्या आणि राष्ट्रउभारणी अभ्यासायची तर सोमारे घ्या. निवडणूक कायदा आणि एकपक्षीय सत्ता हा विषय असेल तर तुइलाएपा.