पहिला प्रोजेक्ट ट्रक: गेटवे, झेनॉन की व्ही-क्रॉस?

सेकंडहँड फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी) पिकअप घेऊन ती हळूहळू स्वतःच्या हाताने उभी करायची, हे खूळ डोक्यात शिरलं की माणूस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाहिराती बघत बसतो, मीही बसलोय. आपल्याकडे या कामाला खऱ्या अर्थाने तीनच गाड्या हाताशी येतात, महिंद्राची स्कॉर्पिओ गेटवे (Getaway), टाटाची झेनॉन एक्सटी आणि इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस. बोलेरो कॅम्परमध्येही फोर व्हील ड्राइव्ह यायचं पण त्याबद्दल खाली बोलतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पहिल्या प्रोजेक्टला गाडी निवडताना ताकद, लूक, टायरचा साइज हे सगळं नंतर. आपल्या गावातला मिस्त्री जी गाडी डोळे झाकून खोलतो आणि जिचा पार्ट दुपारपर्यंत मिळतो, ती गाडी घ्यायची. कारण प्रोजेक्ट बंद पडतात ते मोठ्या खर्चाने कमी आणि एखाद्या छोट्या सेन्सरसाठी गाडी तीन आठवडे पत्र्याखाली उभी राहिल्याने जास्त, मग हौस संपते, उंदीर वायरिंग खातात आणि गाडी अर्धवट खोललेली विकायला निघते.

या हिशोबात गेटवे माझ्या मते पहिली. 2007 ला आली, सुरुवातीला 2.6 सीआरडीई इंजिन आणि नंतर 2.2 एमहॉक, 120 बीएचपीवालं. मिळाली तर एमहॉकच बघा, चालवायला कितीतरी गुळगुळीत आहे. बोनेट, पुढचे दरवाजे, डॅशबोर्ड, इंजिनाचं सामान बहुतेक सगळं स्कॉर्पिओचं, आणि स्कॉर्पिओ खोलणारा माणूस महाराष्ट्रात कुठल्या तालुक्याला नाही ते सांगा. भंगार बाजारात सुद्धा स्कॉर्पिओचं सामान ढिगाने असतं. उणीव अशी की मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग), हौदा रिकामा असला की खड्ड्यात मागचं टोक उडतं, मागे बसणाऱ्याची पाठ धरते. आणि गेटवेचा हौदा, टेलगेट, मागचे दिवे हे काही स्कॉर्पिओत मिळत नाहीत, त्यामुळे मागून ठोकलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.

झेनॉन एक्सटी 2009 ची, 2.2 डायकॉर, 140 पीएस ताकद आणि 320 एनएम टॉर्क. घाटात भरलेल्या गाडीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढताना हे इंजिन खरंच मन जिंकतं, गेटवेपेक्षा जोर जास्त जाणवतो. हेच इंजिन सफारीत होतं त्यामुळे इंजिनाची बाजू सांभाळता येते, आणि टाटाची नंतरची योद्धा पिकअप झेनॉनवरूनच आलेली असल्याने कॅबची बाजूही अगदीच अनाथ नाही. पण आतलं ट्रिम, बटणं, एक्सटीचे खास प्लास्टिकचे भाग शोधायला लागले की दमायला होतं. टर्बोकडे नीट लक्ष द्या, व्हेरिएबल टर्बो आहे, बरीच वर्षं नुसती गावात हळू चाललेली गाडी असेल तर आतली पाती काजळीने अडकतात, मग चढाला दम नाही आणि मागे काळा धूर. एकाच मालकाकडची, बिलं जपून ठेवलेली झेनॉन मिळाली तर मी गेटवे सोडून ती घेईन, तशी मिळणं मात्र कठीण.

व्ही-क्रॉस 2016 ची, आंध्रात श्री सिटीला बनते, सुरुवातीचं 2.5 लिटर इंजिन 134 बीएचपीचं. तिन्हींत सगळ्यात मजबूत आणि बसायला सगळ्यात बरी हीच. पण जुनी झाली तरी किंमत पडत नाही, सामान बहुतेक कंपनीच्या शोरूममधूनच आणावं लागतं आणि शोरूम मोठ्या शहरात. शिकण्यासाठी खोलायची गाडी ही नाही, चांगली आहे ती चालवायला घ्या. लांबी 5295 मिलिमीटर, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाक बाहेर राहणार. बाकीच्या दोन्हीही पाच मीटरच्या वर आहेतच, तर टेप घेऊन आधी घरची जागा मोजा, खरंच मोजा.

बोलेरो कॅम्पर शेतात काम असेल तर सोन्यासारखी. इंजिन 2523 सीसीचं, साधं, काहीही झालं तरी रस्त्यात दुरुस्त होतं. पण बहुतेक पिवळ्या नंबरपाटीवर, म्हणजे व्यावसायिक नोंदणीच्या असतात, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट आलं, आठ वर्षांनंतर दरवर्षी, टॅक्स वेगळा. गेटवे-झेनॉन घेतानाही आरसीवर वाहनाचा वर्ग वाचा, खासगी लिहिलंय की गुड्स कॅरिअर, पाटीचा रंग बघून समाधान मानू नका.

आता बघायला गेल्यावर काय करायचं. मी चिपळूणचा, 22 जुलै 2021 चा पूर डोळ्यांनी बघितलाय, गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या, आणि पुरात बुडालेल्या गाड्या पुसूनबिसून परजिल्ह्यात विकल्या जातात हेही खरं. म्हणून मी पहिल्यांदा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. वरचा भाग स्वच्छ आणि आतला शेवटचा हात-दीड हात मातकट, कडक झालेला असेल तर तिथूनच परत फिरायचं. बेल्ट धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

मग हौद्यातलं प्लास्टिकचं लायनर उचलायला लावा. मालक कुरकुर करेल, करू दे. त्याच्याखाली पाणी आणि लाल माती वर्षानुवर्षं बसलेली असते. नंतर गाडीखाली झोपून मागच्या कमानपाट्यांच्या हँगरजवळ चासीला स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पापुद्रा हातात आला तर तिथे नुसता काळा रंग मारलाय. इंजिन परत बांधता येतं, कुजलेली चासी पहिल्या प्रोजेक्टमध्ये कुणी अंगावर घेऊ नये. समुद्रकाठच्या गाड्यांना हे जास्त, त्यामुळे मी स्वतः कोकणातला असून देशावरची गाडी शोधा म्हणतो.

फोर बाय फोरची टेस्ट मालकाच्या शब्दावर सोडू नका. नॉब फिरवला, डॅशवर दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतात असं नाही. मी एक गाडी बघायला गेलो होतो, दिवा व्यवस्थित लागला, खाली वाकून बघितलं तर पुढचा प्रोपेलर शाफ्टच (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढून ठेवलेला, मायलेजसाठी म्हणे. मुरमाच्या किंवा मातीच्या जागेवर फोर हाय (फोर बाय फोरचा नेहमीच्या वेगाचा गिअर) टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून एकदम हळू फिरवा, गाडी अडखळल्यासारखी, ओढल्यासारखी वाटली पाहिजे, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल मध्ये नसल्याने तसंच होतं. डांबरावर हा प्रयोग लांबवू नका, सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) येतो. मग गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलला, क्लच दाबून फोर लो (हळू पण जास्त ओढीचा गिअर). वर्षानुवर्षं न वापरल्याने शिफ्ट मोटर जाम झालेली असते, दिवा नुसता लुकलुकत राहतो, तसं दिसलं की किंमत तिथेच कमी करून घ्या.

कागदांत एनओसी (ना हरकत पत्र), कर्जाचा बोजा उतरवल्याचा फॉर्म 35, आणि दिल्लीकडची गाडी असेल तर इथला रोड टॅक्स परत भरावा लागणार हे धरून चाला. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी लागल्यापासून तिकडून स्वस्त गाड्या येतात, गंजही कमी असतो, पण टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच आटते. शिवाय 2010-11 ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स डोक्यावर आलाच.

आणि मॉडिफिकेशनचं मनापासून सांगतो, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं म्हटलंय, बुलबारवर (पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर) तर 2017 च्या डिसेंबरपासून बंदी आहे. तेव्हा आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे आधी गाडी होती तशी करणं. बुश, पाटे, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस, ब्रेक, हाउसिंगची ऑइलं, रबरी पाइप, गंज काढून चासीला नीट प्रायमर. यात वर्ष सहज जातं आणि हात तयार होतात.

जेवढ्याला गाडी घ्याल त्याच्या निम्मे पैसे वेगळे ठेवा. ते नसतील तर अजून सहा महिने थांबा, मी थांबलो होतो, आणि त्या सहा महिन्यांत मिस्त्रीकडे रविवारी जाऊन बसलो, दुसऱ्याच्या गेटवेचा पुढचा हब खोलताना टॉर्च धरला. तुमच्या गावात असा कुणी असेल तर गाडी बघायला जाण्याआधी त्याच्याकडे जा आणि विचारा, बाबा, यातली कुठली तू खोलशील.