थंड प्रदेशात नवं घर: डबल काच की ट्रिपल, आणि त्याआधी काय बघायचं

घराचा नकाशा फायनल झाला की खिडक्यांची कोटेशनं यायला लागतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, डबल घेऊ की ट्रिपल. मीही तिथूनच सुरुवात केली होती. आता कुणी विचारलं तर सांगते की आधी फ्रेम कसली आहे आणि बसवणार कोण ते बघा, काचा किती हे त्यानंतर. तरी बोलू आधी काचेबद्दलच, कारण कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं.

यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर १ अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते, म्हणजे आकडा जेवढा छोटा तेवढं बरं. साधी एकेरी काच साधारण ५.८. दोन काचा आणि मध्ये नुसती हवा, साधारण २.८. त्याच दोन काचा, पण एकीला लो-ई कोटिंग आणि मध्ये आर्गॉन गॅस, की थेट १.१ च्या आसपास. तीन काचा, दोन कोटिंग आणि आर्गॉन असेल तर ०.६ ते ०.७. आता बघा, डबल-डबलमध्येच यू-व्हॅल्यू निम्म्याहून कमी झाली, त्यामुळे नुसतं "डबल ग्लास" लिहिलेल्या कोटेशनवर सही करू नका, कोटिंग आहे का, गॅस आहे का, पोकळी किती मिलिमीटरची हे लिहून घ्या. आर्गॉनला १४ ते १६ मिमी छान, त्यापेक्षा खूप वाढवली तर आत गॅस फिरायला लागतो आणि फायदा उरत नाही.

कोटिंग म्हणजे चांदीचा अतिशय पातळ थर, डोळ्याला दिसत नाही, खोलीतली उष्णता तो परत खोलीतच पाठवतो. तपासायची एक सोपी युक्ती आहे, अंधार पडल्यावर काचेसमोर मेणबत्ती धरा, दोन काचांमध्ये ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, त्यातल्या एकाचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला की कोटिंग आहे. चारही सारखीच दिसली तर विकणाऱ्याला विचारा.

पण हे वॅटचे आकडे राहू द्या, मला ट्रिपलचा खरा फायदा कळला तो काचेला हात लावून. आत २० अंश, बाहेर उणे १० अशी रात्र धरा. एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग शून्याच्याही खाली जातो. बिनकोटिंगच्या डबलचा ९ च्या आसपास, चांगल्या डबलचा साडेपंधरा, ट्रिपलचा साडेसतरा. खोलीत आर्द्रता ५० टक्के असेल तर ९ अंशाला पाणी सुटायला लागतं, म्हणजे बिनकोटिंगची डबल अगदी काठावर आहे आणि चांगली डबल सुरक्षित. मग त्या पुढच्या २ अंशांसाठी ट्रिपल कशाला? तर मोठ्या काचेला लागूनच सोफा, टेबल किंवा पलंग असेल तर हे २ अंश अंगाला कळतात, काचेवरून गार हवा खाली उतरून पायाशी येते ती ट्रिपलला खूप कमी होते. तुमच्याकडे हिवाळा लांब असेल आणि महिनोन् महिने पारा शून्याखाली असेल तर ट्रिपलच घ्या, यात मला शंका नाही.

ट्रिपलची दुसरी बाजूही आहे. ४ मिमीची काच चौरस मीटरला १० किलो भरते, म्हणजे दीड बाय दीड मीटरच्या खिडकीत डबलच्या काचा ४५ किलो आणि ट्रिपलच्या साडेसदुसष्ट, तेवढं पेलायला बिजागऱ्या तशाच दणकट हव्यात नाहीतर पल्ला खाली बसतो. शिवाय ऊन कमी आत येतं, डबल सूर्याची साधारण ६० टक्के ऊर्जा आत सोडते, ट्रिपल ५० च्या आसपास. उत्तर गोलार्धात दक्षिणेची भिंत हिवाळ्यात फुकट हीटिंग देते, तिथे जास्त ऊन घेणारी चांगली डबल किंवा मुद्दाम तशी बनवलेली ट्रिपल चालते. उत्तरेला मात्र ऊन नाहीच, तिथे सरळ ट्रिपल, आणि खिडकी छोटी.

आता फ्रेम. आम्ही आधी ज्या भाड्याच्या घरात होतो तिथे डबल काच होती, मधोमध कोरडी ठणठणीत, पण रोज सकाळी खालच्या कडेला पाण्याची रेघ आणि दोन्ही कोपऱ्यांत थेंब साचलेले. रोज फडका घेऊन पुसत होते तरी रबराच्या कडेने काळी बुरशी आलीच. कारण काचांच्या मधली पट्टी, म्हणजे स्पेसर, ॲल्युमिनियमचा होता आणि फ्रेमही अखंड ॲल्युमिनियमची, थंडी तिथून सरळ आत. म्हणून स्पेसर "वॉर्म एज", म्हणजे थंडी कमी आत आणणाऱ्या मटेरियलचा मागा, त्यातली बचत छोटी दिसते पण बुरशी तिथेच अडते. फ्रेममध्ये यूपीव्हीसी स्वस्तात चांगलं काम करते, लाकूड मला सगळ्यात आवडतं पण रंग-पॉलिश नियमित हवं, बाहेरून ॲल्युमिनियमचं आवरण असलेलं लाकूड महाग पण निवांत. फायबरग्लास मजबूत आणि उन्हा-थंडीत फारसं हलत नाही. ॲल्युमिनियम घ्यायचंच असेल तर थर्मल ब्रेक, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या धातूमध्ये उष्णता अडवणारी पट्टी, असलेलंच.

आणि यू-व्हॅल्यू पूर्ण खिडकीची मागा, नुसत्या काचेची नको. काच ०.६ आणि फ्रेम सुमार, मग खिडकी १ च्या वर जाते. पॅसिव्ह हाउसवाले (अगदी कमी हीटिंगवर चालणाऱ्या घरांचं मानक ठरवणारे) मध्य युरोपसारख्या थंड हवामानासाठी पूर्ण खिडकी ०.८ पर्यंत मागतात, त्यावरून अंदाज घ्या. २० चौरस मीटर खिडक्या आणि ३० अंशांचा फरक असेल तर १.४ ला ८४० वॅट जातात, ०.८ ला ४८०.

उघडण्याच्या पद्धतीत फार विचार करायला नको. बिजागरीची खिडकी बंद होताना रबर दाबून धरते, सरकत्या खिडकीला बहुतेक वेळा ब्रश असतो आणि त्यातून वारा येतोच. सरकतं दार हवंच असेल तर दाबून बंद होणारं घ्या.

बसवणाऱ्याला मात्र नीट प्रश्न विचारा. खिडकी आणि भिंतीमधली फट नुसत्या फोमने भरून वरून प्लास्टर केलं तर पुढे तिथूनच वारा येतो. आतून हवाबंद टेप, मध्ये इन्सुलेशन, बाहेरून पाऊस अडवणारी पण ओल बाहेर जाऊ देणारी टेप, आणि खिडकी भिंतीच्या इन्सुलेशनच्या रेषेत. हे काम सुरू असताना स्वतः हजर राहा, कारण प्लास्टर झालं की काहीच दिसत नाही.

बजेट कमी पडत असेल तर काचेच्या दर्जात तडजोड करू नका, उघडणाऱ्या खिडक्यांची संख्या कमी करा. फिक्स खिडकी स्वस्त पडते, तिला गळायला फट नसते आणि फ्रेम बारीक असल्याने उजेडही जास्त. प्रत्येक बेडरूमला मात्र माणूस बाहेर पडू शकेल एवढी एक तरी उघडणारी ठेवाच.