जड कामासाठी डेस्कटॉप प्रोसेसर: १६ कोअर, २४ कोअर की थेट थ्रेडरिपर?

रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या कोडबेसचं कंपायलेशन, सिम्युलेशन. अशा कामासाठी नवं मशीन जुळवायला घेतलं की यादी शेवटी तीन नावांवर येते: एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स, इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के आणि बजेट ताणता आलं तर एएमडीचाच, वर्कस्टेशनसाठीचा थ्रेडरिपर ९९७०एक्स. तिन्ही उत्तम आहेत. निवड चुकते ती नुसते कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र आकडेमोड करणारे भाग, मोजल्यामुळे. आपलं सॉफ्टवेअर त्यातले किती कोअर खरोखर कामाला लावतं आणि अडतं नेमकं कुठे, हे आधी कळायला हवं.

ते जुन्या मशीनवरच कळतं. रोजचं सगळ्यात जड काम चालू करा, विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्सचा आलेख निवडा. समजा जुना प्रोसेसर ८ कोअर, १६ थ्रेडचा आहे (थ्रेड म्हणजे कोअरवर चालणारा कामाचा एक धागा). एकाच थ्रेडवर चालणारं काम तिथे एकूण वापर १०० भागिले १६, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास दाखवेल; बूस्टमुळे, म्हणजे प्रोसेसरने तात्पुरता वेग वाढवल्यामुळे, आकडा थोडा वर जाईल इतकंच. एखादी चौकट पूर्ण भरलेली दिसेलच असं नाही, कारण विंडोज तो थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं. म्हणून एकूण टक्केवारीकडे बघा. मशीन रखडतंय आणि वापर मात्र ६ ते १० टक्क्यांवर घुटमळतोय, तर जादा कोअर घेऊन हाती काही लागणार नाही. रेव्हिट, ऑटोकॅडमधली मॉडेल हाताळण्याची बरीचशी कामं या प्रकारात मोडतात. वापर शंभराला चिकटून बराच वेळ तिथेच राहत असेल, तर कोअरचे पैसे वसूल होतात. वापर कमी, पण रॅम काठोकाठ भरलेली आणि एसएसडीवर सतत वर्दळ, असं दिसलं तर प्रोसेसर बदलू नका, रॅम वाढवा.

| | ९९५०एक्स | २८५के | ९९७०एक्स |
|---|---|---|---|
| कोअर / थ्रेड | १६ / ३२ | २४ (८+१६) / २४ | ३२ / ६४ |
| कमाल बूस्ट (गिगाहर्ट्झ) | ५.७ | ५.७ | ५.४ |
| एल३ कॅश (एमबी) | ६४ | ३६ | १२८ |
| वीजमर्यादा (वॉट) | २३० | २५० | ३५० |
| रॅम चॅनेल | २ | २ | ४ |
| सॉकेट | एएम५ | एलजीए १८५१ | एसटीआर५ |
| सुरुवातीची किंमत (डॉलर) | ६४९ | ५८९ | २,४९९ |

९९५०एक्स की २८५के

२४ हा आकडा १६ पेक्षा मोठा दिसतो, पण इथे तो तसा वाचायचा नाही. २८५केमधले ८ कोअर मोठे आणि १६ छोटे आहेत, आणि इंटेलने या पिढीत हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) काढून टाकलं आहे. ९९५०एक्सचे सोळाही कोअर मोठे आणि प्रत्येकावर दोन थ्रेड. ब्लेंडर किंवा व्ही-रेच्या रेंडरमध्ये दोघे एकमेकांच्या जवळच राहतात. एका थ्रेडच्या कामातला फरकही हाताला जाणवण्याइतका नाही. त्यामुळे निवड या दोन गोष्टींवर करण्यात अर्थ नाही. खरा फरक बाजूच्या गोष्टींमध्ये आहे.

पहिली गोष्ट एव्हीएक्स-५१२, म्हणजे एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करण्याची प्रोसेसरची सोय. ९९५०एक्सच्या झेन ५ रचनेत ते पूर्ण रुंदीचं आहे, २८५केमध्ये अजिबात नाही. एसव्हीटी-एव्ही१ सारखे एन्कोडर आणि ओपनब्लाससारख्या गणिती लायब्ररी त्याचा थेट फायदा घेतात. वैज्ञानिक आकडेमोड किंवा स्वतः लिहिलेला सी++ कोड चालवणाऱ्याने एएमडीकडेच जावं.

दुसरी गोष्ट व्हिडिओची, आणि तिथे पारडं फिरतं. लग्नाचं किंवा जाहिरातीचं शूटिंग करणाऱ्यांचे कॅमेरे आता सर्रास १०-बिट ४:२:२ (जास्त रंगमाहितीची) एच.२६५ फाइल देतात. ही फाइल प्रोसेसरच्या कोअरवर उलगडायची म्हटलं तर टाइमलाइन अडखळते. २८५केच्या अंगच्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक ती हार्डवेअरमध्ये उलगडतं. ९९५०एक्सच्या छोट्या ग्राफिक्सला ते जमत नाही. पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेने, म्हणजे २०२५ पासून, ४:२:२ ची सोय ग्राफिक्स कार्डातच दिली आहे. तेव्हा हिशोब सरळ आहे. आरटीएक्स ३० किंवा ४० मालिकेचं जुनं कार्ड पुढे वापरायचं असेल तर २८५के, नवं ५० मालिकेचं कार्ड घेणार असाल तर हा मुद्दा यादीतून काढून टाका.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. छोटे-मोठे कोअर एकत्र असले की कोणतं मशीन कुठल्या कोअरवर चाललंय यावर वेग बदलतो आणि कोअर हाताने बांधून द्यावे लागतात. एकसारख्या कोअरचा ९९५०एक्स या कामात बिनघोर आहे.

सॉकेटचंही बघा. एएम५ ला २०२७ आणि पुढेही पाठिंबा देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे, म्हणजे त्याच मदरबोर्डवर पुढचा प्रोसेसर बसण्याची आशा धरता येते. दर तीन वर्षांनी मशीन बदलणाऱ्याला या मुद्द्याची किंमत मोठी.

९९५०एक्सचाच जादा कॅशवाला भाऊ ९९५०एक्स३डी सुरुवातीला ६९९ डॉलरला आला, म्हणजे ५० डॉलर जास्त. एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) १२८ एमबी, पण जादा कॅश दोनपैकी एकाच चिपलेटखाली, म्हणजे कोअर असलेल्या एकाच तुकड्याखाली आहे. ओपनफोमसारखं फ्लुइड सिम्युलेशन आणि गेम यांना तिचा उपयोग होतो. रेंडरिंगला जवळजवळ नाही. गेमसाठी घेत असाल तर एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार ताजा ठेवा, नाहीतर गेम चुकीच्या चिपलेटवर जाऊन पडतो.

जुना कोअर आय९-१४९००के स्वस्तात मिळतो म्हणून मोह होतो. या पिढीत जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होण्याचा दोष होता. इंटेलने २०२४ मध्ये ०x१२९ आणि ०x१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे अपडेट) देऊन तो थांबवला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. म्हणून सेकंडहँड १४९००के कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

थ्रेडरिपर कधी

कोअर दुप्पट झाले म्हणून वेळ निम्मा होत नाही. कामाचा १० टक्के भाग एकाच थ्रेडवर चालत असेल, तर १६ कोअर ते काम ६.४ पट वेगात करतात आणि ३२ कोअर ७.८ पट. किंमत जवळजवळ चौपट, फायदा पाचवा हिस्सा. थ्रेडरिपरसाठीचा टीआरएक्स५० मदरबोर्ड आणि रॅम वेगळी महाग. शुद्ध सीपीयू रेंडरिंगमध्ये हा एका थ्रेडचा भाग नगण्य असतो, तिथे ९९७०एक्स पैसे फेडतो. बाकी बहुतेकांनी कोअरसाठी थ्रेडरिपर घेऊ नये.

तो घ्यावा रॅम आणि पीसीआय लेनसाठी (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडणाऱ्या वाटांसाठी). दोन चॅनेलवर डीडीआर५-६००० ची बँडविड्थ (डेटा वाहण्याचा वेग) सेकंदाला ९६ जीबी. चार चॅनेलवर डीडीआर५-६४०० ची २०४.८ जीबी. प्रोसेसरवर ४० जीबीचं भाषा मॉडेल चालवायचं असेल तर साध्या मॉडेलमध्ये प्रत्येक टोकनला (शब्दाच्या तुकड्याला) सगळं मॉडेल एकदा वाचावं लागतं. म्हणजे पहिल्यावर सेकंदाला जास्तीत जास्त २.४ टोकन, दुसऱ्यावर ५.१. कोअर कितीही वाढवा, ही भिंत हलत नाही. मोठ्या मेशच्या सिम्युलेशनचंही तसंच. दोन-तीन ग्राफिक्स कार्डं पूर्ण वेगाने लावायची असतील तर साध्या डेस्कटॉप प्रोसेसरकडे तेवढ्या लेनच नसतात, तिथेही थ्रेडरिपरच. मात्र त्याला ईसीसी आरडीआयएमएम, म्हणजे सर्व्हरच्या प्रकारची रॅम लागते. घरातली साधी डीडीआर५ रॅम त्यात बसणार नाही.

रॅम: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

९९५०एक्सवर दोन कांड्या लावल्या तर अधिकृत वेग ५६००, चार लावल्या तर थेट ३६००. नशिबाने चार कांड्या यापेक्षा वेगात चालतातही, पण कामाच्या मशीनवर नशिबावर विसंबू नये. ९६ जीबी हवी असेल तर ४८ च्या दोन घ्या, २४ च्या चार नकोत. या प्रोसेसरला ६००० चा वेग सर्वात जुळतो; ८००० ची महाग किट घेतली तर मेमरी कंट्रोलर अर्ध्या गतीवर जातो आणि पैसे वाया. २८५केला सीयूडीआयएमएम (कांडीवरच क्लॉक चिप असलेल्या) प्रकारची ६४०० ची रॅम अधिकृतपणे चालते, एएमडीवर त्या प्रकाराचा फायदा नाही.

किती लागेल? मोठा सी++ कोड कंपाइल करताना प्रत्येक थ्रेडमागे २ जीबी धरा. ३२ थ्रेडला ६४ जीबी. अँड्रॉइडचा संपूर्ण कोड बिल्ड करायला गूगल स्वतःच किमान ६४ जीबी सांगतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढे आहेत, म्हणून बजेट आखताना आधी रॅमचा आकडा लिहा, मग उरलेल्यात प्रोसेसर बसवा.

उष्णता आणि वीज

९९५०एक्स पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जातो आणि तिथे पोचला की आपला वेग आवरतो. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तितकाच तापतो. एसी नसलेल्या खोलीत, अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात, दोन तासांच्या रेंडरमध्ये याचा हिशोब कळतो. ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घ्या. एएम५ मध्ये तापणारे चिपलेट झाकणाच्या मधोमध नसतात, म्हणून कूलरसोबत ऑफसेट ब्रॅकेट मिळत असेल तर तोच लावा.

याहून परिणामकारक उपाय फुकट आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) पीबीओच्या, म्हणजे प्रोसेसरच्या वीज-वेगाच्या मेनूत इको मोड १०५ वॉट निवडा. मर्यादा २३० वरून १४२ वॉटवर येते, पंखे शांत होतात आणि रेंडरचा वेळ थोडाच वाढतो. दिवसाला ८ तास, महिन्याला २५ दिवस पूर्ण भार धरला तर ८८ वॉटच्या फरकाने १७.६ युनिट वाचतात. २८५के घेतला तर बायोसमध्ये इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज चालू आहेत का ते तपासा. काही बोर्ड आपल्या मनाने मर्यादा उघडून ठेवतात.

घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. ९९५०एक्सचे २३० आणि आरटीएक्स ५०८० चे ३६० मिळूनच ५९० झाले. दिवे गेले की तो यूपीएस मशीन धरून ठेवणार नाही. या जोडीला ८५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि १५०० व्हीएचा प्युअर साइन वेव्ह यूपीएस लागतो. स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड वेव्हवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे पॉवर सप्लाय कधी कधी ऐन वेळी बंद पडतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत भाव विचारताना ‘बॉक्स की ट्रे’ हे पहिलं विचारा. ट्रेचा प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण बॉक्ससोबतची तीन वर्षांची कंपनी वॉरंटी त्याला नसते. मदरबोर्डचं मॅन्युअलही पैसे देण्याआधी डाउनलोड करून वाचा: एएम५ च्या कित्येक एक्स८७०ई बोर्डांवर दुसऱ्या एम.२ जागेत एसएसडी लावला की ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेनच्या ८ होतात.

आणि एएम५ चं मशीन पहिल्यांदा चालू केलं की स्क्रीन काळीच राहते. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, डीरॅमचा दिवा पेटलेला असतो. जास्त रॅम असेल तर यात दहा मिनिटंही जातात. घाबरून बटण दाबलं की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेवढा वेळ मशीनला हात लावू नका.