लिनक्सवर मराठी: इन्स्क्रिप्ट की फोनेटिक?

लिनक्सवर मराठी लिहायचं ठरवलंत की कुठलं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला अवतार, घ्यायचं याआधी कीबोर्डचं बघा. डिस्ट्रो रविवारी दुपारी बदलता येतं, बोटांची सवय नाही. नागपुरात बर्डीवरच्या टायपिंग क्लासमधून रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची जुनी कळरचना, शिकून आलेल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांचा वेग आपल्यापेक्षा जास्तच असतो, उगाच बसलेला हात कशाला बिघडवा! बाकीच्यांपुढे पर्याय दोन: रोमन अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवणारा फोनेटिक आणि प्रत्येक मराठी अक्षराला कीबोर्डवर ठरलेली जागा देणारा इन्स्क्रिप्ट.

फोनेटिकचं म्हणाल तर तो पहिल्याच संध्याकाळी कामाला लागतो. आयबस (लिनक्सवर टायपिंगची भाषा बदलून देणारा प्रोग्राम) आणि त्याच्या जोडीला एम-१७-एन (अनेक भाषांच्या टायपिंग पद्धतींचा संच) बसवलं की आयट्रान्ससारख्या रोमनमधून देवनागरी लिहायच्या पद्धती यादीत दिसू लागतात आणि व्हॉट्सॲपवर रोमनमध्ये मराठी लिहिणाऱ्याला फारसं काही शिकावं लागत नाही. वर्षातून एखादा रजेचा अर्ज आणि सोसायटीची एखादी नोटीस एवढंच लिहायचं असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही. फोनेटिक घ्या आणि सुखी राहा.

इन्स्क्रिप्ट मात्र शिकावा लागतो. सुरुवातीचे काही दिवस चिडचिड होते आणि कळांवर अक्षरांचे स्टिकर लावायचा मोह होतो. तो आवरा, कारण स्टिकर असले की नजर खालीच राहते. रचना मात्र डोकं वापरून केलेली आहे. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण म्हणून ठरवली, पुढे 1991 च्या भारतीय मानकातही ती आली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. ‘नागपूर’ लिहायला सहा कळा लागतात, शिफ्ट एकदाही नाही. आयट्रान्समध्ये त्याच शब्दाला आठ कळा आणि वर दोनदा शिफ्ट. अर्थात वेगाचा हा फरक मला तरी निर्णायक वाटला नाही. माणूस टाइप करण्यापेक्षा विचार करण्यातच जास्त वेळ घालवतो.

माझा निर्णय झाला तो वेलांटीवरून. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की ओळखीतलं कोणी ना कोणी निवेदन टाइप करायला घेऊन येतं. असल्या मजकुरात नवं लिहिणं थोडं आणि दुरुस्त्या फार. ‘विनंति’ची ‘विनंती’ करा, ‘पुर्ण’चा ‘पूर्ण’ करा. फोनेटिकमध्ये कर्सर शब्दाच्या मध्यावर नेऊन चुकीची मात्रा खोडली आणि दीर्घ ई दाबली, तर माझ्याकडे तरी वेलांटी येत नसे, ‘विनंतई’ असा सुटा स्वर उमटे. आधीचा ‘त’ लिहून संपला आहे, त्याच्याशी त्या प्रणालीला आता देणंघेणं नाही. मग ‘त’ही खोडायचा आणि दोन्ही पुन्हा लिहायचं. एखाद्या वेळी ठीक आहे हो, पण पानभर ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना डोकं फिरतं. एखाद्या पद्धतीत ही अडचण नसेलही, मला मात्र ती छळत राहिली.

इन्स्क्रिप्टमध्ये मात्रा ही स्वतंत्र कळ आहे, शब्दात कुठेही जाऊन लावता येते. त्यातही गंमत अशी की दीर्घ मात्रा ऱ्हस्वाच्या बरोबर वरच्या ओळीत बसवली आहे: पहिली वेलांटी एफवर, दुसरी आरवर, पहिला उकार जीवर, दुसरा टीवर. चुकलं की बॅकस्पेस आणि बोट एक ओळ वर. इथे डिलीट वापरू नका. बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी फक्त मात्रा खोडतो, डिलीट अख्खं अक्षर घेऊन जातो.

‘दुसऱ्या’मधला ऱ्य हे दुसरं कारण. फोनेटिकच्या प्रत्येक पद्धतीत त्याची खूण वेगळी. इन्स्क्रिप्टमध्ये जे वर र, शिफ्टसह जे वर ऱ, पुढे हलन्त आणि य. एकदा बसलं की बसलं.

इन्स्क्रिप्टचंही सगळं गोड नाही. अवतरणचिन्हाच्या कळेवर ट-ठ ठाण मांडून बसलेत, चौकटी कंसाच्या जागी ड आहे, त्यामुळे विरामचिन्हांसाठी मध्येच इंग्रजीत जावं लागतं. दुसऱ्याच्या संगणकावर बसलात आणि इन्स्क्रिप्ट चालू केलेला नसला, तर आधी सेटिंग्जमध्ये शिरा. आणि कीबोर्डकडे बघून एका बोटाने टाइप करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

मराठीत आठवड्याला दोन-चार पानं लिहीत असाल, तर माझ्या मते इन्स्क्रिप्टला महिनाभर द्यावा. फोनेटिक लगेच काढून टाकायचं कारण नाही, यादीत इन्स्क्रिप्टच्या खाली राहू द्या. नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर सुपर (म्हणजे विंडोजच्या खुणेची कळ) आणि स्पेस दाबून अदलाबदल होते. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळा इनपुट ठेवायचा पर्यायही आहे, तो आधी चालू करा. नाहीतर टर्मिनलमध्ये कमांड द्यायला जाल आणि पहिलं अक्षर देवनागरीत उमटेल.