कार्बोरेटर बदललाच नव्हता, पैसे मात्र घेतले

माझी १५० सीसीची बाइक २००८ ची. ठाण्यातल्या वर्तकनगरहून नवी मुंबईत महापेला कामावर रोज तिच्यावरच जातो. गेल्या पावसाळ्यानंतर ती पिकअपला अडखळायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला की क्षणभर काहीच नाही, मग एकदम झटका. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून निघताना मागे डंपर असेल तर तो क्षण किती लांब वाटतो, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको.

वागळे इस्टेटजवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी दोनदा रेस केली आणि म्हणाला, "साहेब, कार्बोरेटर गेलाय, नवीनच टाका." कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. ४,२०० रुपये, रोख. पक्कं बिल मागितलं तर "नंतर देतो", जुना कार्बोरेटर मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला". दोन दिवस गाडी बरी चालली. तिसऱ्या दिवशी कळव्यात पुन्हा तेच. परत गेलो तर आता बोअर-पिस्टनचं, म्हणजे इंजिन उघडून करायचं काम निघालं, ८,५०० धरून चला म्हणाला.

बोअर झिजला की गाडी धूर सोडते, ऑइल खाते; माझी यातलं काहीच करत नव्हती. मग बोअर कसला? म्हणून कळव्यातल्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी विचारलं, "ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस लगेच उतरते का?" उतरत नव्हती, थोडा वेळ वरच राहायची. "मग हवा घेतेय कुठूनतरी." गार इंजिन चालू करून त्यांनी कार्बोरेटर आणि इंजिनच्या हेडला जोडणाऱ्या रबरी नळीवर, म्हणजे मधल्या रबरावर, क्लीनरचा हलका फवारा मारला. आवाज लगेच बदलला. रबर काढून अंगठ्याने वाकवला, तर खालच्या बाजूला केसाएवढी चीर. सरळ धरला की दिसायचीसुद्धा नाही. इंजिन त्या चिरेतून जादा हवा ओढत होतं, पेट्रोल कमी पडत होतं, म्हणून पिकअप मरत होता. नवा रबर २२० रुपयांचा.

खरा धक्का पुढे बसला. काकांनी कार्बोरेटर पुसला, आणि खालच्या वाटीचा एक स्क्रू बघून मी गप्पच झालो. त्याची फुली झिजून गोल झालेली. २०१९ मध्ये चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून ती मीच घालवली होती, आणि ओळखू यावा म्हणून शेजारी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तो ठिपका अजून तिथेच होता. माझाच कार्बोरेटर धुऊन मला नवा म्हणून विकला होता! मिक्स्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं होतं, म्हणून ते दोन दिवस गाडी बरी वाटली, असं काकांनी समजावलं.

जाब विचारायला गेलो तर उत्तर एकच, "बिल दाखवा." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला, पण रोख दिलेल्या पैशांचा माझ्याकडे कागद नाही. चार हजार गेले ते गेले. बोअरला होकार दिला असता तर चांगलं इंजिनही उघडलं गेलं असतं, याचा राग जास्त आहे.

जुन्या गाडीचा पिकअप असा मरत असेल तर आधी एअर फिल्टर, ॲक्सिलरेटरची केबल आणि हा रबर समोर उभं राहून तपासून घ्या. पार्ट बदलायचाच झाला तर गाडी सोडण्याआधी जुन्या पार्टवर खूण करा, फोटो काढा. माझा तो चिरलेला रबर मी ठेवलाय. वर्तकनगर भागात कुणाला बघायचा असेल तर दाखवतो.