सौदा मोडावा की भरपाई घ्यावी?

समोरच्याने काहीतरी चुकीचं सांगितलं, त्यावर विसंबून तुम्ही पैसे मोजले आणि आता खरं कळलंय. इंग्लंडच्या कायद्यात याला मिसरिप्रेझेंटेशन म्हणतात, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. (स्कॉटलंडचा हिशेब वेगळा.) पेच त्यापुढचा आहे. सौदा मोडून पैसे परत मागायचे, की वस्तू ठेवून घेऊन भरपाई मागायची? मी दोन्ही पत्रं लिहून तयार ठेवली होती. पाठवलं एकच.

माझं प्रकरण रेडिंगमधल्या एका जुन्या व्हॅनचं. डब्यांच्या धंद्यासाठी एका गृहस्थाकडून 6,400 पौंडांना घेतली. तो डीलर नव्हता, त्यामुळे ग्राहक म्हणून मिळणारे जादा हक्क माझ्या वाट्याला नव्हते. "कधीच ठोकलेली नाही," असं त्याने मेसेजमध्ये लिहिलं होतं. पुढे डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, माझ्या नावाचं लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र) पोस्टाने आलं, त्यात कॅटेगरी एसची नोंद. म्हणजे अपघातात गाडीच्या सांगाड्याला मार बसलेला, विमा कंपनीने ती मोडीत काढलेली आणि नंतर कुणीतरी दुरुस्त करून रस्त्यावर आणलेली. लाजेची गोष्ट अशी की, व्यवहाराच्या वेळी त्याने स्वतःचं लॉगबुक माझ्या हातात दिलं होतं. मी नाव-पत्ता पाहिला आणि परत दिलं.

नाशिकला वकिली करणारा माझा मेव्हणा फोनवर म्हणाला, "दाजी, मग तुम्ही गेलात. कागद हातात होता ना?" त्याचंही खरं. भारतात 1872 च्या करार कायद्याच्या कलम 19 मध्ये ही मेख आहेच: साधी दक्षता घेऊन खरं कळण्यासारखं असेल, तर चुकीच्या निवेदनाच्या नावाखाली करार मोडता येत नाही. इंग्लंडमध्ये मात्र 1881 च्या रेडग्रेव्ह वि. हर्ड या निकालापासून वारं उलटं वाहतं. तिथेही कागद समोर होते, घेणाऱ्याने वाचले नाहीत, तरी कोर्टाने त्यालाच मोकळं केलं. तेव्हा तुम्हीही वेंधळेपणा केला असेल, तर लगेच हाय खाऊ नका.

सौदा मोडणं, म्हणजे रिसिजन, कागदावर फार देखणं दिसतं. समोरचा लबाड होता की नुसताच अजाण, याने फरक पडत नाही. गाडी घे, पैसे दे, मिटलं. वस्तूची किंमत मध्यंतरी उतरली म्हणून हक्क बुडतो असंही नाही. 2007 मध्ये कोरी म्हणून विकलेली एक कॅडिलॅक प्रत्यक्षात दोन वर्षं जुनी निघाली, सॉल्ट वि. स्ट्रॅटस्टोन या त्या खटल्यात अपील कोर्टाने घेणाऱ्याला पूर्ण किंमत परत मिळू दिली. फक्त निकालाचं साल 2015 आहे, तेवढं लक्षात असू द्या.

मला नडलं ते वेगळंच. सौदा मोडायचा म्हटलं की, त्या क्षणापासून वस्तूला हात लावायची चोरी. खरं कळल्यावरही ती वापरलीत, तर तुम्ही सौदा पत्करला असं धरलं जाऊ शकतं. 1958 चा लाँग वि. लॉइड मी त्या आठवड्यात इतक्यांदा वाचला की बायको त्या लॉरीवाल्याची चौकशी करायला लागली. त्याने 750 पौंडांना लॉरी घेतली. पहिल्याच रोचेस्टरच्या खेपेत डायनॅमो बंद पडला, चाकाला चीर दिसली. विकणाऱ्याने डायनॅमोचा अर्धा खर्च देऊ केला. याने तो मान्य केला आणि लॉरी मिडल्सबरोला पाठवली. ती वाटेत बंद पडली, आणि कोर्टाच्या मते त्या दुसऱ्या खेपेने सौदा मोडायचा हक्कही संपला.

माझी मिडल्सबरो म्हणजे दिवाळी. फराळाच्या ऑर्डरी घेऊन झालेल्या, चकल्यांचे डबे जिन्यापर्यंत रचलेले, आणि व्हॅन दारात नुसती उभी. विमा चालू, रोड टॅक्स चालू, बॅटरी उतरत चाललेली. अकरा दिवस मी भाड्याची गाडी आणून दारातल्या गाडीकडे बघत काढले. बाराव्या दिवशी माझी व्हॅन काढली.

भरपाईच्या वाटेत ही कटकट नाही. वस्तू वापरा, हक्क जात नाही. बिचाऱ्या लाँगला ही सोयच नव्हती, कारण मिसरिप्रेझेंटेशन ॲक्ट आला 1967 मध्ये. त्याच्या कलम 2(1) मध्ये पुराव्याचं ओझं चुकीचं सांगणाऱ्यावर आहे: माझा त्यावर विश्वास होता आणि त्याला वाजवी आधार होता, हे त्यानेच दाखवायचं. माझ्या गृहस्थाच्या स्वतःच्या लॉगबुकात नोंद होती. तो कसला आधार दाखवणार? शिवाय रॉयस्कॉट वि. रॉजरसन या 1991 च्या निकालाने इथे लबाडीच्या दाव्यातलंच माप लावलं, त्यामुळे अनपेक्षित नुकसानही मागता येतं. त्या निकालावर टीका बरीच झाली आहे, पण अजून तो उलटवलेला नाही.

खोट एवढीच की हिशेब "सांगितलं तसं असतं तर" असा होत नाही. दिली ती किंमत वजा खरी किंमत, असा होतो. बिनअपघाताची तशी व्हॅन 7,000 ला गेली असती, आणि 6,400 मध्ये मिळाली म्हणून मी खूश होतो. तो 600 चा आनंद विसरायचा. दोन गॅरेजवाल्यांनी खरी किंमत 4,800 च्या आसपास लिहून दिली, म्हणून मी 1,600 आणि भाड्याच्या गाडीचे पैसे मागितले. हे दोन कागद मिळवायला मात्र चार शनिवार गेले.

दहा हजार पौंडांच्या आतला पैशांचा दावा असल्याने आधी कोर्टाची फुकट मध्यस्थी आली. ती फोनवर होते, समोरच्याचा आवाजही ऐकावा लागत नाही. पंचावन्न मिनिटांत 1,500 वर मिटलं. सौदा मोडायचा हट्ट धरला असता तर इतक्या लवकर काही हलतं ना, असं आपलं मला वाटतं.

अर्थात वस्तू निव्वळ निरुपयोगी असेल, किंवा समोरच्याकडे खरंच वाजवी आधार असेल, तर माझी वाट तुमच्या कामाची नाही. अशा वेळी सौदा मोडतोय असं आजच लेखी कळवा, किल्ल्या खुंटीला लावा आणि रेंगाळू नका. जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराचं म्हणून 85 पौंडांना चित्र घेतलेल्या लीफ नावाच्या माणसाने पाच वर्षांनी ते परत न्यायचं काढलं, तर 1950 मध्ये कोर्टाने उशीर झाला म्हणून त्याला परत पाठवलं. आणि कोर्टाला वाटलं तर त्याच 1967 च्या कायद्याच्या कलम 2(2) खाली ते सौदा कायम ठेवून तुमच्या हातावर भरपाईच ठेवू शकतं, म्हणजे एवढं थांबून पुन्हा माझ्याच रांगेत.

मेव्हण्याला अजून पटलेलं नाही. मागच्या दिवाळीला तो आला, त्याच व्हॅनमधून हीथ्रोहून घरी आणला. वाटेत दोनदा त्याने सांगाड्याबद्दल विचारलं.