मॅग्नेशियम सायट्रेट आणि ग्लायसिनेट: काही महिने दोन्ही घेतल्यावर

सध्या रात्री जेवणानंतर मी मॅग्नेशियम ग्लायसिनेटची गोळी घेते आणि तेच चालू ठेवणार आहे. त्याआधी बरेच आठवडे सायट्रेट घेत होते. दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते, कारण दुकानात नुसतं ‘मॅग्नेशियम द्या’ म्हटलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही, आणि प्रकार बदलला की परिणामही बदलतो.

वय पन्नाशीच्या पुढे, शाळेत दिवसभर उभं राहायचं काम, थायरॉइडची गोळी चालू. तक्रारी तीन होत्या. रात्री पोटरीत गोळे यायचे, पहाटे तीनच्या सुमारास झोप मोडायची आणि पोट साफ होत नसे. आमच्या डॉक्टरबाईंनी आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करतंय का ते दाखवणारी रक्ततपासणी, बघितलं, मगच हो म्हणाल्या. रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल आलं होतं. पण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तात असतं आणि निम्म्याहून जास्त हाडांत, त्यामुळे तो आकडा नॉर्मल असला तरी साठा भरलेला आहेच असं नाही. अर्थात नॉर्मल रिपोर्ट असलेल्या प्रत्येकाला कमतरता आहे असंही नाही. काही महिने घेऊन बघू, एवढंच आमचं ठरलं.

पहिल्यांदा केमिस्टने पुढे केली ती ऑक्साइडची गोळी. स्वस्त होती आणि डब्यावरचा आकडाही मोठा होता. मी ती घेतली नाही, आणि त्याचं कारण इथे नीट सांगते. डब्यावर बहुतेक वेळा संयुगाचं वजन ठळक छापतात. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम किती, म्हणजे ‘एलिमेंटल’ किती, ते मागे बारीक अक्षरांत असतं. ऑक्साइडमध्ये वजनाच्या सुमारे ६० टक्के मॅग्नेशियम असतं, सायट्रेटमध्ये सुमारे १६, ग्लायसिनेटमध्ये १४ आणि थ्रिओनेट या आणखी एका प्रकारात जेमतेम ८. आकडे बघून ऑक्साइडच घ्यावंसं वाटेल. पण ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि आतड्यातून थोडंच शोषलं जातं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. आपल्याकडे पोट साफ होण्यासाठी जे पांढरं दुधाळ औषध देतात, तेही मॅग्नेशियमचंच, हायड्रॉक्साइड. जळजळ किंवा बद्धकोष्ठतेपुरतं ऑक्साइड चालेल, पण शरीरात मॅग्नेशियम भरून काढायला मी ते निवडणार नाही.

सायट्रेटने माझी पोटाची तक्रार खरोखर मिटवली. सकाळी वेळेवर, त्रास न होता पोट साफ व्हायला लागलं आणि इसबगोल बंद झालं. ज्यांचा मुख्य त्रास हाच आहे त्यांनी सायट्रेटच घ्यावं असं मी ठामपणे सांगेन. पण मात्रा थोडी वाढवली की पोट सैल व्हायचं. तिसऱ्या तासाला वर्गात उभं असताना ते परवडत नाही. शिवाय झोपेत काही फरक जाणवला नाही.

म्हणून ग्लायसिनेट. यात मॅग्नेशियम ग्लायसिन या अमिनो आम्लाला जोडलेलं असतं आणि ते पोटाला सौम्य पडतं. माझ्या बाबतीत ते अगदी खरं ठरलं: तेवढंच एलिमेंटल मॅग्नेशियम घेऊनही पोट शांत. झोप लागायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, पण पहाटेचं जागं होणं बरंच कमी झालंय आणि जाग आली तरी पुन्हा डोळा लागतो. मात्र याच काळात मी दुपारचा चहाही सोडला, तेव्हा सगळं श्रेय गोळीला देणं बरोबर होणार नाही.

पोटरीच्या गोळ्यांचं मात्र निराशाजनक आहे. थोडं कमी वाटतं, पण खात्री देण्याइतकं नाही. नंतर वाचलं तर कोक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यातही हेच होतं: वयस्कर लोकांमध्ये पायात गोळे येणं मॅग्नेशियमने फारसं टळण्याची शक्यता नाही. मला जास्त उपयोग झाला तो झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणण्याचा. फक्त पायातले गोळे थांबावेत म्हणून कोणी हे विकत घेत असेल तर पैसे जपून खर्च करा.

ग्लायसिनेट घेताना एक गणित जरूर करा. शुद्ध ग्लायसिनेटच्या १००० मिलिग्रॅममध्ये साधारण १४० मिलिग्रॅम एलिमेंटल असायला हवं. डब्यावर ५०० मिलिग्रॅम ग्लायसिनेट आणि त्यातून १२० एलिमेंटल असा दावा दिसला, तर त्यात ऑक्साइड मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. ‘बफर्ड’ लिहिलेलं असेल तर ते मिसळलेलंच असतं. किंमतही एलिमेंटलच्या दर १०० मिलिग्रॅमवर काढा, मग स्वस्त-महाग खरं कळतं. याच हिशेबात थ्रिओनेट मी बाजूला ठेवलं. ते मेंदूत पोचतं म्हणून त्याची जोरात जाहिरात होते, पण त्याचा गाजावाजा सुरू झाला तो २०१० मधल्या उंदरांवरच्या संशोधनातून. तेवढ्यावर इतके पैसे घालायची माझी तयारी नाही.

थायरॉइडवाल्यांनी हे नक्की पाळा: थायरॉक्सिनची गोळी आणि मॅग्नेशियम यांत किमान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. माझी थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी असते, त्यामुळे मॅग्नेशियम रात्री. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी प्रतिजैविकं आणि हाडांसाठीचं अलेंड्रोनेट घेणाऱ्यांनीही वेळ विचारून घ्यावी. अमेरिकेत प्रौढांसाठी गोळ्यांमधून येणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम धरतात. मी त्याच्या बरीच खाली आहे.

माझं बघून सासूबाईंनाही घ्यायचं होतं. त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणून डॉक्टरबाईंनी साफ नकार दिला. जास्तीचं मॅग्नेशियम मूत्रपिंडच बाहेर टाकतं. ते थकलेलं असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचतं, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. घरातल्या वयस्कर माणसांना आपल्या डब्यातली गोळी प्रेमाने देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. उलट, पॅन्टोप्रॅझोलसारखी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं मॅग्नेशियम खरोखर घटू शकतं. त्यांनी डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारावं.

सासूबाईंच्या ताटाबद्दल त्यांच्या आहारतज्ज्ञ सांगतील ते. माझ्या ताटात मात्र ज्वारी-बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी परत आली आहे. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, मूठभर भोपळ्याच्या बियांत दीडशेच्या आसपास. पुढच्या तपासणीपर्यंत ग्लायसिनेट चालू आहे. त्यानंतर डॉक्टरबाईंना विचारून महिनाभर बंद करणार आहे. चहा आधीच सुटलेला आहे, तेव्हा झोपेत फरक पडला तर तो गोळीमुळे होता का, हे तेव्हा कळेल.